वळीव आणि उतरता पारा: मेअखेरचा अंदाज सातारा-सांगलीत कसा वाचायचा

प्रश्न थोडक्यात असा: कवठेमहांकाळच्या बाजूला द्राक्षबाग आहे, थोडं डाळिंब आहे, बाकीचं रान सोयाबीन-उडदासाठी तयार ठेवलंय. मोबाइलवर आठवडाभर रोज विजेचा ढग दिसतो आणि पारा ४० वरून ३४ वर येईल असं दाखवतात. पलीकडच्या गावात ओढा वाहिला, इकडे नुसती धूळ उडाली. मग हा अंदाज खोटा समजायचा का? गारवा टिकणार का? आणि कामं कशाच्या भरवशावर लावायची?

आधी एक गोष्ट वेगळी करून ठेवा. मोबाइलच्या त्या एका चौकोनात दोन अंदाज असतात, विजेच्या ढगाचा आणि पाऱ्याचा. दोघांवरचा भरवसा सारखा ठेवता येत नाही. पारा उतरणार हे पाच-सहा दिवस आधी बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं, कारण तो बदल शेकडो किलोमीटरवर पसरलेल्या वाऱ्याच्या दिशेवर ठरतो. वळीव कोणत्या शिवारात पडेल हे मात्र दोन-तीन तास आधीच कळतं, तेही खात्रीनं नाही. म्हणून पाऱ्याकडे बघून आठवड्याची कामं लावायची आणि ढगाकडे बघून त्या दिवसाची दुपार.

सांगली जिल्ह्याचं क्षेत्रफळ साधारण साडेआठ हजार चौरस किलोमीटर आहे. वळवाचा एक ढग सहा ते दहा किलोमीटर रुंद असतो, म्हणजे एका वेळी पन्नासेक चौरस किलोमीटरवर पाऊस. तो तास-पाऊण तास जगतो आणि तेवढ्या वेळात पंधरा-वीस किलोमीटर सरकतो. दुपारी असे आठ-दहा ढग झाले तरी जिल्ह्याचा बराचसा भाग कोराच राहतो, आणि 'जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस' हे वाक्य तरीही खरं ठरतं. हवामान खात्याच्या भाषेत 'तुरळक ठिकाणी' म्हणजे पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी पंचवीस टक्के किंवा त्याहून कमी. तुमचं गाव उरलेल्या पंचाहत्तर टक्क्यांत असण्याचीच शक्यता जास्त. अंदाज काढणाऱ्या संगणकी जागतिक मॉडेलमधल्या नकाशाच्या एका चौकटीची बाजू ९ ते २५ किलोमीटर असते. २०२५ पासून आपल्याकडे ६ किलोमीटरचं मॉडेल वापरात आलंय, पण ढगच जिथं चौकटीएवढा आहे तिथं मॉडेल 'या भागात ढग होतील' यापलीकडे काय सांगणार? अ‍ॅपवाले त्यावर गावाचं नाव छापतात आणि घोटाळा तिथं होतो.

पलीकडच्या गावात पडला आणि इकडे नाही, यालाही कारण आहे. एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्याकडून उत्तर कर्नाटकावरून दक्षिणेकडे कमी दाबाचा एक पट्टा बहुतेक दिवस असतो. त्याच्या एका अंगाला बंगालच्या उपसागराकडून आलेली दमट हवा, दुसऱ्या अंगाला वायव्येकडची कोरडी, तापलेली हवा. शिवाय दुपारनंतर कोकणातून समुद्री वारं घाट चढून वर येतं आणि कृष्णाखोऱ्यात उतरतं. हे प्रवाह जिथं एकमेकांना भिडतात तिथली हवा वर उचलली जाते. त्यात डोंगरउतार सपाट रानापेक्षा लवकर तापतात. म्हणून पहिले ढग महादेव डोंगररांगेवर, माण-खटावच्या माळांवर, आटपाडीच्या बाजूला किंवा घाटमाथ्यावर उठतात. एका ढगाचा पाऊस पडायला लागला की त्यातून थंड हवा खाली आदळून जमिनीलगत चहूकडे पसरते, आणि ती पाच-दहा किलोमीटरवरची गरम हवा उचलून दुसरा ढग तयार करते. तुमच्या गावात धूळ उडाली ती याच पसरलेल्या हवेची. पाऊस देणारा ढग दुसरीकडे होता, तुमच्याकडे त्याचा फक्त वारा आला.

धूळ आणि कोरडी वीज यांचं आणखी एक कारण आहे, आणि ते घरबसल्या मोजता येतं. ढगाचा तळ किती उंचावर आहे हे हवेतल्या ओलाव्यावर ठरतं. सावलीतलं तापमान आणि दवबिंदू (हवा ज्या तापमानापर्यंत थंड झाली की तिच्यातल्या वाफेचं दव होतं, ते तापमान) यांच्यातल्या प्रत्येक अंशाच्या फरकाला तळ सुमारे १२५ मीटर वर जातो. तापमान ३८ आणि दवबिंदू १४ असेल तर तळ तीन हजार मीटरवर. एवढ्या उंचीवरून कोरड्या हवेतून पडणारा थेंब वाटेतच सुकतो. सुकताना हवा थंड होते, जड होते आणि दाणकन खाली येते. म्हणून पाऊस नाही पण पत्रे उडवणारं वारं मात्र येतं. तापमान ३६ आणि दवबिंदू २१ असेल तर तळ एकोणीसशे मीटरच्या आसपास उतरतो आणि पाऊस जमिनीपर्यंत पोचतो.

यासाठी महागडं यंत्र लागत नाही. प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात मिळणारे काचेचे दोन सारखे थर्मामीटर घ्या, शून्य ते पन्नास अंशांचे. दोन्ही एकत्र सावलीत ठेवून सारखं तापमान दाखवतात का बघा. अर्ध्या अंशाचा फरक असेल तर तो लिहून ठेवा, पुढे तेवढा वजा करायचा. एकाच्या फुग्याला पातळ मलमलीचा एकेरी पट्टा गुंडाळून दोऱ्यानं बांधा आणि पट्ट्याचं टोक छोट्या बाटलीतल्या पाण्यात सोडा. दोन्ही जमिनीपासून चार फुटांवर, भिंतीपासून लांब, हवा खेळेल अशा सावलीत टांगा. पत्र्याच्या शेडखाली टांगू नका, तिथं पत्राच तापमान सांगतो. दुपारी अडीचच्या सुमारास ओल्या फुग्याला तीन-चार मिनिटं पुठ्ठ्यानं वारा घाला आणि पारा उतरायचा थांबला की दोन्ही आकडे घ्या. कोरडा ३८ आणि ओला २२ आला तर हवेत आर्द्रता पंचवीस टक्क्यांच्या आसपास, दवबिंदू १४. वळवाला दारूगोळा नाही. ढग आलाच तर धूळ आणि वीज. कोरडा ३६ आणि ओला २५ आला तर आर्द्रता चाळीसच्या वर, दवबिंदू २१ च्या जवळ, म्हणजे संध्याकाळी काही होऊ शकतं.

इथं चूक होते ती बहुतेक पाण्यामुळे. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात पट्टा आठवड्यात कडक होतो, पाणी नीट वर ओढत नाही आणि ओला आकडा एक-दोन अंशांनी जास्त दाखवतो. मग दररोज वळीव येणार असं वाटायला लागतं! डिस्टिल्ड पाणी वापरा, बॅटरीत घालतात ते चालतं, आणि पट्टा आठवड्याला बदला.

आता गारव्याकडे येऊ, कारण तुमच्या भागासाठी खरी मेख तिथं आहे. मेअखेरीस जो गारवा येतो तो दोन जातींचा असतो आणि दोघांचा अर्थ उलटा आहे.

पहिला गारवा वळवाचा. ढगातली थंड हवा आली की पंधरा-वीस मिनिटांत पारा ३८ वरून २६-२७ वर येतो. रात्र छान जाते. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं की ओल्या जमिनीतून वाफ सुटते, कमाल तापमान दोन-तीन अंशांनी कमी असतं पण घामानं जीव नकोसा होतो. पुन्हा पाऊस झाला नाही तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पारा पहिल्या जागेवर. असा गारवा म्हणजे वळवाचा हंगाम चालू असल्याची खूण.

दुसरा गारवा पश्चिमेच्या वाऱ्याचा. अरबी समुद्रावरून येणारं वारं जमिनीपासून दीड-दोन किलोमीटर उंचीपर्यंत स्थिरावतं, दिवसरात्र एकाच दिशेनं वाहतं, आणि सकाळी घाटाकडे खालच्या थरातले राखाडी ढग पळताना दिसतात. यात रात्रीचा पारा फारसा उतरत नाही, बावीस-तेवीसच्या आसपास राहतो. उतरतो तो दिवसाचा, एकतीस-बत्तीसपर्यंत. म्हणून हा गारवा ओळखायचा असेल तर कमाल आकडा एकटा बघू नका. कमाल आणि किमान यांच्यातलं अंतर बघा. कोरड्या उन्हाळ्यात पूर्व भागात ते पंधरा-सोळा अंश असतं. वळवाच्या दिवसांत बारा-तेरा होतं, पण रोज वर-खाली. ते सलग तीन दिवस दहाच्या खाली राहिलं आणि वारं रात्रीही पश्चिमेचंच असलं, तर तो दुसरा गारवा.

पाटण, जावळी, महाबळेश्वर, शिराळा या पट्ट्यात दुसरा गारवा म्हणजे पाऊस दारात. वारं घाटाला धडकतं, वर चढतं आणि तिथंच रिकामं होतं. पण माण, खटावचा पूर्व भाग, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ इथं त्याच वाऱ्याचा अर्थ वेगळा. सह्याद्री ओलांडून खाली उतरलेली हवा दाबली जाते, थोडी तापते, ढग विरळ होतात. वरून आभाळ धावतं, वारं झोंबतं, बारीक भुरभुर येते आणि जाते. शिवाय दिवस तापत नाही म्हणून गडगडाटी ढग उभे राहत नाहीत. थोडक्यात, दुष्काळी पट्ट्यात पारा उतरून स्थिर झाला की वळवाचा हंगाम संपला. पुढचा जोरदार गडगडाटी पाऊस बऱ्याचदा थेट सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, वारं पुन्हा मंदावून पूर्वेकडे वळतं तेव्हा. मोबाइलवरचा ३४ आणि ढगाचं चित्र पाहून 'आता पाऊसच पाऊस' असं समजून बी टाकणारे इथं फसतात. कराड-वाळवा-मिरज हा मधला पट्टा दोन्हींच्या मध्ये पडतो, तिथं जूनच्या पावसाचा थोडाफार हात मिळतो.

तारखांचं म्हणाल तर मान्सूनची सरासरी तारीख केरळात १ जून, पुण्यात १० जून, मुंबईत ११ जून. पण सरासरी ही सरासरीच. २०२५ मध्ये मान्सून केरळात २४ मेला आला आणि २६ मेला मुंबई-पुण्यात पोचलाही, म्हणजे रोहिणी नक्षत्र लागता लागताच. २०२३ मध्ये केरळात ८ जूनला आला आणि मुंबईत पोचायला २५ जून उजाडला. मध्ये बिपरजॉय चक्रीवादळ अरबी समुद्रात फिरत होतं आणि बाष्प तिकडे खेचलं जात होतं. म्हणून मेअखेरीस अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र होतंय अशी बातमी आली की ते कुठून कुठे जातंय हे बघा. कोकण किनाऱ्याला लागून चाललं तर आपल्याकडे दोन-तीन दिवस ढगाळ, गार हवा आणि पाऊस. २०२० चं निसर्ग ३ जूनला अलिबागजवळ जमिनीवर आलं तसं. किनाऱ्यापासून लांबून उत्तरेकडे गेलं तर आधी गारवा येतो, मग कोरडं वारं आणि पारा पुन्हा वर. अशा वेळी आलेला गारवा दुसऱ्या जातीचा दिसतो पण चार दिवसांत मोडतो. वारं वायव्येकडे फिरलं आणि ओल्या थर्मामीटरचा आकडा खाली आला की समजा, मोडला.

दिवसाचं वेळापत्रक आता. सकाळी हवामान खात्याचा जिल्ह्याचा इशारा बघायचा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच हालचाल करा. सातारा जिल्ह्यासाठी घाटाचा भाग वेगळा दिलेला असतो, फलटण-माणच्या माणसानं घाटाचा नारिंगी रंग आपला समजू नये. मंगळवार-शुक्रवारी कृषी हवामान सल्ला येतो, मेघदूत अ‍ॅपवर मिळतो, आठवड्याच्या कामाला तो पुरे. दुपारी अडीचला तुमचे दोन थर्मामीटर. साडेतीननंतर हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा इशारा आणि रडारचं चित्र. सांगली गोव्याच्या रडारपासून सरळ रेषेत सुमारे १७० किलोमीटर, जत सव्वादोनशेच्या आसपास. सातारा मुंबईच्या रडारपासून १८५ च्या आसपास. एवढ्या लांबून रडारचा किरण तीन ते पाच किलोमीटर उंचीवरून जातो. म्हणजे चित्रात ढगाचा वरचा भाग दिसतो, खालचा नाही. रडारवर लाल दिसतंय आणि जमिनीवर थेंब नाही, असं होऊ शकतं, आणि ते का हे वर आलंच. पण दिशा कळते. एकच चित्र बघू नका, मागच्या अर्ध्या तासाची सलग चित्रं बघा आणि ढग कुठून कुठे सरकतोय ते धरा. आपल्याकडे वळीव बहुधा पूर्वेकडून किंवा आग्नेयेकडून येतो, पण त्या दिवसाचं वरचं वारं काय आहे ते चित्रच सांगेल. रंगाच्या पट्टीवरचा आकडा (डीबीझेड, म्हणजे ढगाकडून परत आलेल्या लहरीचा जोर) ५० च्या वर असेल तर गारांची शक्यता धरून चाला.

विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था) या संस्थेचं दामिनी अ‍ॅप आहे, ते तुमच्या भोवतीच्या २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळातल्या विजा दाखवतं. अ‍ॅप नसलं तरी वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा आणि तीननं भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत ऐकू आलं तर रान सोडा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत जाऊ नका. द्राक्षबागेत हे जास्त महत्त्वाचं आहे. तिथले लोखंडी अँगल आणि तारा पूर्ण ओळीभर एकमेकांना जोडलेल्या असतात. वीज एका टोकाला पडली तरी दुसऱ्या टोकाला तारेला हात लावून उभ्या असलेल्या बाईला ती पोचते. शेंडा खुडायचं काम चालू असेल तर पहिल्या गडगडाटालाच सगळ्यांना बाहेर काढा, ओळ पुरी करायची घाई नको. जनावरं झाडाखाली बांधू नका. मोटरचा स्टार्टर आधीच बंद करून मेन स्विच पाडा, वीज चमकत असताना पेटीला हात लावायला जाऊ नका. कुणाला विजेचा झटका बसलाच तर त्याला हात लावायला भीती नाही, अंगात करंट राहत नाही. श्वास थांबला असेल तर छाती दाबणं सुरू करा आणि १०८ ला फोन लावा.

आता द्राक्षबाग. खरड छाटणी, म्हणजे उन्हाळ्यातली छाटणी, १० एप्रिलच्या आसपास झाली असेल तर चाळीस ते साठावा दिवस २० मे ते ९ जून या काळात येतो. काडीत पुढच्या हंगामाचे सूक्ष्म घड तयार होण्याचा हाच काळ, आणि त्याला ऊन लागतं. वळीव आणि मग ढगाळ गारवा नेमका इथं आडवा येतो. पाऊस झाला की वेल शेंड्याकडे धावतो, पाला दाटतो, काडीवरच्या डोळ्यांवर उजेड पडत नाही आणि ऑक्टोबरात छाटल्यावर घडाऐवजी बाळी (नुसता तणावा) निघते. तेव्हा दोष औषधाला दिला जातो, पण तो मेच्या अंधाराचा असतो. चांगला पाऊस झाला की ठिबकचं पाणी त्या प्रमाणात कमी करा, काही दिवस बंदही ठेवा. नत्र पूर्ण थांबवा. सबकेन (मुख्य काडीवरची उपकाडी) करताना सातव्या पानावर शेंडा मारा, फुटींची गर्दी विरळ करा, बगलफुटी काढा. बागेखाली दुपारी कवडसे पडताना दिसले पाहिजेत. जमिनीवर नुसती सावली असेल तर पाला जास्त आहे. कोवळ्या फुटीवर पावसानंतर करपा आणि जिवाणूजन्य ठिपके येतात, म्हणून फवारणी सकाळी आटोपा. वळीव बहुतेक वेळा दुपारी तीननंतरचा, तोवर औषध पानावर सुकलेलं असतं. संध्याकाळी आभाळ बघून केलेली फवारणी म्हणजे पैसे ओढ्यात.

गारा पडल्या तर साल फाटलेल्या जागी चोवीस तासांच्या आत अर्धा टक्का बोर्डो द्या: १०० लिटर पाण्यात अर्धा किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि अर्धा किलो चुना, दोन्ही वेगळे भिजवून मग एकत्र. तयार द्रावणात लोखंडी विळ्याचं पातं मिनिटभर बुडवा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला, नाहीतर कोवळी पानं करपतील.

डाळिंबाचं कोडं वेगळं. मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीची फुलं, धरणार असाल तर झाडं सध्या ताणावर आहेत, त्यांचं पाणी तोडलेलं आहे. हलक्या मुरमाड जमिनीत वीस-पंचवीस मिलिमीटरचा एक वळीव ताण मोडायला पुरतो, आणि मग काही फांद्या आधी फुटतात, काही नंतर, फूल एकसारखं येत नाही. असा पाऊस झाल्यावर चार-पाच दिवसांत डोळे फुगताना दिसले तर पुन्हा ताण देण्याचा हट्ट न करता पानगळ आणि खतं पुढे ओढून बहार लवकर धरणं बरं. डोळे शांत असतील तर ताण चालू ठेवा. तेल्या या जिवाणूजन्य रोगाचे जुने डाग असतील तर वादळी पावसाचे शिंतोडे तो बागभर नेतात, म्हणून डाग असलेल्या फांद्या पावसाआधी छाटून जाळून टाका.

उसाच्या भागातल्यांनी, म्हणजे वाळवा, पलूस, कराड, कोरेगावकडच्यांनी, पहिल्या दमदार वळवाची तारीख भिंतीवर लिहून ठेवावी. कारण त्याच संध्याकाळी हुमणीचे (मुळं खाणाऱ्या अळीचे) भुंगेरे जमिनीतून निघतात. वीसेक मिलिमीटर पाऊस झाला, माती मऊ झाली की सूर्य मावळल्यावर, साधारण सव्वासात ते साडेआठ, ते कडुनिंब, बाभूळ, बोरीवर जमतात. खाली जुनी साडी किंवा ताडपत्री पसरून फांद्या हलवा, पडलेले भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात टाका. हेक्टरी एक प्रकाश सापळा लावा, पण तो रात्रभर उजेड ओकत ठेवून उपयोग नाही, कामाचे तास हेच दीड-दोन. एक मादी पन्नासच्या आसपास अंडी घालते, त्यामुळे पहिल्या तीन-चार रात्री गावानं मिळून केलेलं हे काम पुढे ऑगस्टमध्ये मुळाशी औषध ओतण्यापेक्षा (आळवणीपेक्षा) स्वस्त पडतं. एकट्यानं केलं तर शेजारचे भुंगेरे येतातच. वळीव होऊनही भुंगेरे दिसले नाहीत तर पाऊस मातीत बहुधा पुरेसा उतरलेला नसतो, तेव्हा पुढच्या पावसाची वाट बघा.

हळद आणि आल्याची लागण राहिली असेल तर वळवाचा फायदा घ्या, पण बोद (लागणीचे उंच वरंबे) पाडायचं काम पावसाआधी. काळ्या रानात वळीव पडल्यावर वाफसा (मशागतीजोगी ओल) यायला चार-पाच दिवस जातात, आणि तोवर दुसरा पडला तर आठवडा गेला. ओल्यात पाडलेल्या बोदाची ढेकळं होतात आणि पुढे त्यात कंद पोसत नाही. आल्याच्या बोदात पाणी साचलं तर कंदकूज ठरलेलीच. प्लॉटच्या उताराच्या टोकाला चर काढून ठेवा.

बाकी कामं पटकन सांगतो. कडब्याची गंजी आणि कांदा चाळ यांना पूर्वेकडच्या अंगानं आधी आडोसा करा, पहिला झोत बहुधा तिकडून येतो. पत्र्यावर दगड ठेवणं हा उपाय नाही, वाऱ्यात तोच दगड खाली येतो. हुक-बोल्ट आवळा, कडेच्या ओळीला दुप्पट. कोंबड्यांच्या शेडमध्ये दमट दुपारी फॉगर बंद ठेवा आणि फक्त पंखे चालवा. हवेत आधीच सत्तर टक्क्यांवर ओलावा असेल तर फॉगरनं गारवा येत नाही, गुदमर वाढतो. वादळात लाइट जाणार हे धरून जनरेटरचं डिझेल सकाळीच बघा.

पाऊस किती झाला हे अंदाजानं सांगू नका, मोजा. सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवा, झाडाच्या आणि घराच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर, आणि रोज सकाळी साडेआठला पट्टीनं मोजा. खात्याचा दिवसही साडेआठ ते साडेआठ असतो. एक मिलिमीटर म्हणजे एकरी सुमारे ४,०४७ लिटर. चाळीस मिलिमीटरचा वळीव म्हणजे एकरावर एक लाख साठ हजार लिटर पाणी, पण ते अर्ध्या तासात पडतं, म्हणून माळरानावरून निम्मं तरी वाहून जातं. उताराला आडवी नांगरट केलेली असेल तर तेच जिरतं. महसूल मंडळाच्या स्वयंचलित केंद्रावर ६५ मिलिमीटर नोंदले तरच कागदोपत्री अतिवृष्टी धरतात, आणि ते केंद्र तुमच्यापासून दहा किलोमीटरवर कोरडं असू शकतं. त्यामुळे गारा किंवा ढगफुटीसारखा पाऊस झाला तर डब्याचा, पट्टीचा आणि रानाचा फोटो त्याच दिवशी काढून तलाठ्याला कळवा.

आणि सोयाबीन-उडदाची पेरणी. कृषी विभाग ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका म्हणतो, तो आकडा तुमच्या भागात तर काटेकोरपणे पाळा. पंचवीस मिलिमीटरचा वळीव सुक्या काळ्या रानात जेमतेम बारा-पंधरा सेंटिमीटर ओल देतो, मुरमाड रानात वीसेक. वर गार वारं, ढगाळ आभाळ, खाली एवढीच ओल, आणि पेरलेलं उगवून आठ दिवसांत मान टाकतं. वळवाचे आकडे डब्यावरून बेरजेत धरा, पण दोन पावसांमध्ये आठवड्याहून जास्त कोरडं ऊन गेलं असेल तर आधीचा आकडा निम्माच मोजा. मग पेरणीच्या आदल्या दिवशी रानात चार ठिकाणी फावड्यानं फूटभर खणा. खालच्या थरातली माती मुठीत दाबल्यावर गोळा झाला आणि तो कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर फुटला तर वाफसा आहे. गोळाच होत नसेल तर पाभर (पेरणीचं अवजार) गोठ्यातच राहू द्या. गोळा होऊन फुटलाच नाही तर दोन दिवस थांबा.